यान उतरवायचं तर भांगात

आयुष्यात एक प्रश्न मला जितक्या वेळा ऐकावा लागला, तितका दुसरा कुठलाच नाही. ‘तुला काय करायचंय त्याचं?’ विचारणारे बदलले, मी पेणची रोह्याची झाले, केस पिकले, पण प्रश्न काही जागचा हलला नाही. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी नववीत होते आणि व्हॉयेजर नावाचं यान नेपच्यूनजवळ पोचत होतं.

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मध्ये मातीचा लांबच लांब बांध. आईबाबा पावसाळ्यात शेतात राबायचे आणि दिवाळीनंतर मिठागरावर. शाळेला मी रोज पेणला जायची. पण नेपच्यूनची बातमी मला शाळेत मिळाली नाही, ती मिळाली सुकटीच्या पुडीत. आई सुकट डब्यात ओतत होती आणि पुडीच्या कागदावर एका धुरकट ग्रहाचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं की बारा वर्षांपूर्वी निघालेलं यान आता या ग्रहाजवळ पोचतंय आणि त्यात एकही माणूस नाही. त्यापुढचा कागद फाटलेला होता.

एकही माणूस नाही, हे वाचून मी जी अडकले ती आजतागायत. माणसं चंद्रावर जाऊन आली त्याचं कौतुक सगळ्यांनाच होतं. मला त्यांचं फारसं काही वाटायचं नाही. त्यांना निरोप द्यायला गर्दी, परत आणायला बोट. हे यान मात्र बारा वर्षं एकटंच चाललं होतं, दिसेल ते कळवत होतं, आणि कुठं चाललीस, कोणाबरोबर चाललीस, दिवेलागणीच्या आत घरी ये, असं त्याला कोणी म्हणत नव्हतं. चौदा वर्षांच्या मुलीला हेवा वाटायला आणखी काय लागतं?

फाटलेला भाग वाचायला मी शाळा सुटल्यावर पेणच्या एका वाचनालयात गेले. तिथं एक लांब टेबल होतं आणि त्याभोवती बसून पुरुष पेपर वाचायचे. मुली खिडकीशी उभ्या राहून घरच्यांसाठी कादंबरी बदलून न्यायच्या, टेबलाशी बसायच्या नाहीत. तसा काही नियम लिहिलेला नव्हता. मी बसले. समोरच्या जाड चष्म्याच्या गृहस्थांनी पेपर खाली केला.

“बाळ, काय पाहिजे?”

“नेपच्यूनची बातमी.”

“तुला काय करायचंय नेपच्यूनचं?”

ते स्वतः कुठल्याशा मंत्र्याच्या राजीनाम्याची बातमी वाचत होते. मी म्हटलं, “तुम्हाला काय करायचंय दिल्लीचं?”

टेबलाभोवती हशा पिकला आणि ग्रंथपालांनी मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. त्या आठवड्यात मला चारदा उठवलं. पाचव्या वेळी ग्रंथपालच कंटाळले आणि म्हणाले, बस, पण तोंड बंद ठेव. चष्मेवाल्यांनी मात्र खुर्ची बदलली. आजही मी त्या वाचनालयासमोरून जाताना मुद्दाम सावकाश चालते.

तो प्रश्न मला कधीच न विचारणारं माणूस एकच, माझी आई. तिला लिहितावाचता येत नाही. पण संध्याकाळी पाट्यावर मसाला वाटता वाटता ती विचारायची, “काय गो, तुझा यान कुठवर गेला?” मी सांगायची. मी एक वही केली होती, तिच्यात यानांच्या बातम्या लिहून ठेवायची. आईनं एकदा ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, “यात तिथी कुठं हाय?”

“यानाला कसली तिथी, आये? तारीख लिहिलीय ना.”

“तारखेचा माला काय कलत नाय. तिथी लिव. पयली तिथी, मंग बाकीचा.”

म्हणून माझ्या वहीत पहिल्या रकान्यात तिथी आहे. व्हॉयेजरपासून आजपर्यंत. जगात यानांच्या नोंदी ठेवणारे पुष्कळ असतील, पण मंगळावरची गाडी वद्य पंचमीला अडकली की षष्ठीला, हे फक्त माझ्या वहीत सापडेल.

आईला तिथी लागायची, कारण तिचं सगळं काम भरतीवर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशोब खाडीकाठी पोरासोरांना येतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जोरात चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मवाळ असतं, फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, तो भांग. आमच्या घरात एकच घड्याळ होतं आणि ते पुढं पळायचं. आई बांधावर जाऊन पाणी बघायची, भरती पुरी झाली की तिथी मोजायची आणि घरी येऊन काटे फिरवायची. लोक घड्याळ बघून भरतीची वेळ ठरवतात, आमच्याकडे भरती बघून घड्याळ लावायचे.

पावसाळ्यात कधी बांधाला खांड पडायची, म्हणजे पाणी बांध फोडून आत घुसायचं. तेव्हा सगळा गाव भांगाची वाट बघायचा. उधाणात खांड बुजवायला गेलं तर माती टिकत नाही आणि माणूसही टिकत नाही. भांग आला की बायापुरुष रांगेनं उभे राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढं द्यायचे आणि खांड बांधून काढायचे. नाजूक काम भांगात, ही आमच्याकडची रीत. लग्नाची बोलणी करायलासुद्धा आई भांगाचा दिवस बघायची. मी हसायची, ती हसू द्यायची.

लग्न होऊन मी रोह्याला आले. नवरा धाटावला कंपनीत, शिफ्टमध्ये. त्यानं मला तो प्रश्न कधी विचारला नाही, पण उत्तर ऐकायलाही तो कधी जागा नसायचा. मी एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवू लागले. आमच्या शाळेच्या फाटकाशी एक काळा फळा होता. त्यावर रोज सुविचार लिहायचा, आणि ते काम नव्या बाईंच्या गळ्यात पडतं तसं माझ्या गळ्यात पडलं. महिनाभर मी सत्य, श्रम आणि वक्तशीरपणा लिहिला. मग एके दिवशी लिहिलं, ‘मंगळावर आज एक छोटी गाडी उतरली. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मावेल एवढी आहे.’

मुख्याध्यापकांनी बोलावलं. “मॅडम, सुविचार कुठं गेला?”

“मंगळावर, सर.”

“परीक्षेत येणार आहे का हे? मुलांना काय करायचंय त्याचं?”

फळा पुसला गेला. मी दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. पुढची कितीतरी वर्षं हा खेळ चालला. मुख्याध्यापक बदलले, नवे आले, तेही पुसायचे. शेवटी तडजोड झाली, वर सुविचार आणि खाली यान. खालचंच आधी वाचलं जायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. दहावी नापास होऊन कंपनीत लागलेली मुलंसुद्धा सायकल थांबवून विचारायची, “मॅडम, ती शनीची वाली पोचली का?”

मंगळावर पुढं आणखी एक गाडी गेली. तिला नव्वद दिवस काम करायला पाठवलं होतं. ती जवळजवळ पंधरा वर्षं चालत राहिली. एक चाक अडायला लागलं, हात आखडला, आठवण ठेवायची यंत्रणा बिघडली, तरी चालत राहिली. घरात कोणी मला, आता वय झालं, आता शांत बस, असं म्हटलं की मी त्या गाडीची हकीकत सांगायची. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ते म्हणणं बंद झालं.

या सगळ्या काळात मी पेणला गेले की आईचा पहिला प्रश्न ठरलेला. “तुझा यान कुठवर गेला?” मंगळयान पोचलं ते सर्वपित्रीच्या सुमारास. आईनं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अवशेला? उधानात?”

“आये, मंगळावर खाडी नाय.”

“पन तो उतरनार हाय का नुसता फिरनार?”

“नुसता फिरणार.”

“मंग चालल,” ती म्हणाली. जसं काही तिच्या परवानगीसाठी अडलं होतं.

त्यावर मी रोह्याला येऊन स्टाफरूममध्ये सगळ्यांना हसवलं होतं. हे मी आत्ता लिहितेय तेव्हा माझाच मला राग येतो. आईचं बोलणं मी तिथं पदार्थासारखं वाढत होते. मंगळयान पोचलं त्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्या फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता, आणि मला त्याचाच जास्त राग आला होता. ज्याचा यायला हवा होता त्याचा नाही.

मग ते वर्ष आलं जेव्हा आपलं यान पहिल्यांदा चंद्रावर हळुवार उतरणार होतं. दिवस गौरींचे. बाबा जाऊन तोवर काही वर्षं झाली होती. माझ्या सासरच्या गौरी जाऊबाई सांभाळतात, म्हणून मी पेणला दादाकडे, म्हणजे आईकडेच, आले होते. गौरी जेवायच्या दिवशी दुपारी आमच्या शाळेतली तिघं जणं दर्शनाला आली. त्यात मुख्याध्यापकही होते. ओटीवर सतरंजी घातली, टीव्ही लावला. टीव्हीवर सगळीकडे यानच होतं, त्याच रात्री ते उतरणार होतं. मी समजावून सांगत होते, सगळे ऐकत होते. माझी अगदी कळी खुलली होती. आयुष्यभर ज्याच्यासाठी टोमणे खाल्ले ते आज सगळ्या देशाला हवं होतं.

आई आतून घावनाचं ताट घेऊन आली. टीव्हीकडे बघून थांबली आणि म्हणाली, “म्हंजे आज अष्टमी धरून उतरवतान. बराबर हाय. भांग बघितलाय त्यांनी. नाजूक काम भांगातच करायचा.”

मुख्याध्यापक मोठ्यानं हसले. “आजी, चंद्रावर कुठली आली खाडी?”

बाकीचेही हसले. मला आईची लाज वाटली, हे मी स्पष्टच लिहिते, कारण दुसरा कुठलाही शब्द खोटा होईल. आणि मी म्हणाले, “आये, तुला काय कळतंय त्यातलं? तू कशाला मध्ये बोलतेस? तुला काय करायचंय त्याचं?”

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला ते ओळखू आलं. चष्मेवाल्या गृहस्थांचं, मुख्याध्यापकांचं, सगळ्यांचं ते वाक्य, आणि माझ्या आवाजात. आईनं ताट सतरंजीवर ठेवलं. पदरानं हात पुसले. आत गेली. पाहुण्यांनी घावन आवडीनं खाल्ले.

पुढं यानाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अगदी जवळ जाऊन ते हरवलं. सकाळी मी डोळे सुजवून चुलीपाशी बसले होते. आईनं चहा दिला. पण विचारलं नाही. तुझा यान कुठवर गेला, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही, दिवाळीला विचारलं नाही, पुढच्या गौरीला विचारलं नाही. बाकी सगळं नीट. माझी तब्येत विचारायची, सुकट बांधून द्यायची, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायची. चार वर्षं. मी स्वतःला सांगत राहिले की तिचं वय झालं, विसरली असेल. भरतीची वेळ मात्र ती विसरली नव्हती.

चार वर्षांनी दुसरं यान निघालं. ते उतरायचा दिवस जाहीर झाला तसा मी वहीत लिहायला घेतला. सवयीनं आधी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघितली. श्रावण शुद्ध सप्तमी. लिहिलं आणि हात थांबला. वहीची मागची पानं चाळली. गेल्या वेळी, भाद्रपद शुद्ध अष्टमी.

सप्तमी आणि अष्टमी. दोन्ही वेळा भांग.

रविवारची दुपार होती. मी स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेतल्या, एक मोसंबी घेतली, तिच्यावर पेनानं ठिपका केला आणि नवऱ्याच्या हातात टॉर्च दिला. टॉर्च म्हणजे सूर्य, मोसंबी म्हणजे चंद्र, माझं डोकं म्हणजे पृथ्वी. ठिपका यान उतरायच्या जागेचा, माझ्याकडे तोंड केलेला. यान चालतं उन्हावर. तिथला उजेडाचा एक दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा, म्हणून पुरा दिवस मिळावा तर तिथं सकाळ झाल्या झाल्या उतरायला हवं. मी मोसंबी हळूहळू माझ्याभोवती फिरवली. ठिपक्यावर पहिला उजेड आला तेव्हा मला मोसंबी बरोबर अर्धी उजळलेली दिसत होती. अर्धा चंद्र. म्हणजे अष्टमीच्या आसपास. आणि सूर्य एकीकडे, चंद्र काटकोनात दुसरीकडे, दोघांची ओढ एकमेकांना छेद देते, म्हणून त्याच दिवसांत आमच्या खाडीला भांग.

“अजून किती वेळ धरू?” नवऱ्यानं विचारलं.

मी मोसंबी हातात धरून खालीच बसले. आईचं कारण चुकलं होतं. चंद्रावर खाडी नाही, भरती नाही. पण तिची तिथी चुकली नव्हती. तीस वर्षं विज्ञान वाचून, मुलांना शिकवून मला हे दिसलं नव्हतं, आणि तिला टीव्हीकडे एकदा बघून दिसलं होतं. ज्या वहीत ते उघड होतं, त्या वहीतला तिथीचा रकानाही तिनंच पाडायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर वर-खाली काही ठेवलं नाही. पूर्ण फळाभर लिहिलं, ‘मिठागरावर आयुष्य काढलेल्या एका बाईनं चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं की चंद्रावर यान उतरवायचं तर अष्टमीच्या आसपास. यंदा सप्तमी आहे. कारण शोधा.’

मुख्याध्यापक दहा मिनिटांत आले. “मॅडम, हे काय? तिथीवार, मुहूर्त? विज्ञानाच्या शिक्षिका तुम्ही. अंधश्रद्धा पसरवताय असं म्हणतील लोक. पुसा आधी.”

“पुसणार नाही.”

“मग मी पुसतो.”

“सर, कारण शोधा आणि मग पुसा. मी मोसंबी आणलीय, टॉर्च आणलाय, दाखवते. नाही पटलं तर मी स्वतः पुसेन.” माझा आवाज चढला होता, पोरं फाटकाशी थांबली होती. “तुम्ही आमच्या ओटीवर हसला होतात ती ही बाई. मीही तुमच्याच बाजूला बसले होते. म्हणून हा फळा पुसायचा अधिकार आता आपल्या दोघांनाही नाही.”

त्यांनी मोसंबी बघितली नाही. पण फळाही पुसला नाही. त्या दिवसांत पावसानं दोनदा धुऊन नेला आणि मी दोनदा परत लिहिला.

यान उतरायच्या दिवशी शाळेत मोठा पडदा लावणार होते, पाहुणे बोलावले होते आणि माहिती सांगायचं काम माझ्याकडे होतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या विषयावर माइक मिळणार होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुख्याध्यापक म्हणाले, आजच्या दिवशी? मी म्हटलं, आजच्याच दिवशी. नागोठण्यावरून जाणारी एसटी पकडली आणि खड्डे मोजत पेणला, तिथून रिक्षानं गावात. पोचले तेव्हा पाच वाजत आले होते.

दादानं टीव्ही लावून ठेवला होता. आई मागच्या पडवीत वाल निवडत बसली होती.

“आये, चल. यान उतरतंय.”

तिनं मान वर केली नाही. “तू बघ. माला काय कलतं त्यातला? माला काय करायचाय त्याचा?”

चार वर्षं जपून ठेवलेलं वाक्य तिनं जसंच्या तसं परत दिलं. राग नव्हता तिच्या आवाजात, तेच जास्त लागलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“आये, मी चुकले. चार वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर चुकले. तू बरोबर होतीस.”

“काय बराबर होतू?”

मी पर्समधून मोसंबी काढली. टॉर्च काढला. पडवीत अंधारच होता. तिच्या एका हातात टॉर्च दिला, तो हात बाजूला लांब धरायला लावला आणि मी मोसंबी तिच्याभोवती फिरवली, ठिपका दाखवला, अर्धी उजळलेली बाजू दाखवली. वही उघडून दोन्ही तिथ्या वाचून दाखवल्या. ती वाल खाली ठेवून बघत होती. दोनदा फिरवायला लावलं. तिसऱ्यांदा मोसंबी तिनं स्वतः फिरवली.

“म्हंजे तिथं भरती नाय,” ती म्हणाली.

“नाय.”

“मंग मी चुकले.”

“कारण चुकलं. तिथी नाही चुकली.”

“कारन चुकला तं चुकलाच.” तिनं टॉर्च बंद केला. “पन तू त्यासाठी नाय बोललीस गो. कारन चुकला म्हनून सांगितला असतास तं मी ऐकला असता. तू बोललीस, कारन मी बोलले म्हनून.”

मी वाल निवडायला घेतले. बाहेरून टीव्हीवरच्या माणसाचा चढत चाललेला आवाज येत होता.

“किती वाजता उतरतो?” तिनं विचारलं.

“सहाला. चार-पाच मिनिटं वर.”

ती बोटांवर मोजू लागली. “सप्तमी. पाऊनपट सव्वापाच. वर आपल्या खारीत पानी पोचायला पाऊन तास. सहाला पानी थांबल.” ती गुडघ्यावर हात देऊन उठली. “चल बांधावर.”

“आये, टीव्ही?”

“तो दादा बघतो ना. उतरला तं ओरडल.”

आम्ही बांधावर गेलो. आभाळ भरलेलं होतं, चंद्राचा पत्ता नव्हता. तिला त्याची गरजही नव्हती. पाणी बांधाच्या अर्ध्यावर येऊन मवाळ पडलं होतं. आईनं गवताची एक काडी तोडून पाण्यात टाकली. काडी हळूहळू आत, गावाकडे सरकत होती. मी घड्याळ बघत होते आणि ती काडी बघत होती. गेल्या वेळसारखं झालं तर मला ते पुन्हा झेपणार नाही, असं वाटत होतं. काडी सरकायची कमी झाली. मग थांबली. आई म्हणाली, “आता.”

दादाची आरोळी घरातून बांधापर्यंत आली. पाठोपाठ गावात कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. मी मोठ्यानं रडले, लाज न धरता. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, पण डोळे काडीवरच. काडी थोडा वेळ तशीच राहिली आणि मग उलटी, समुद्राकडे सरकायला लागली.

“चल. ओहोटी लागली.”

परत येताना चिखलातून चालता चालता तिनं विचारलं, “आता तुझा यान काय करल तिथं?”

चार वर्षांनी विचारलं. मी भराभरा सांगत सुटले. पोटातून एक छोटी गाडी उतरेल, चौदा दिवस फिरेल, माती तपासेल, कळवत राहील. मग तिथं सूर्य मावळेल. मग थंडी. थंडीत बहुतेक दोघंही बंद पडतील आणि तिथंच राहतील.

ती थांबली. “चौदा दिसांसाठी येवरा लांब पाठवला?”

“व्हय. बघायला.”

“बघायला तं पाठवायलाच पायजे,” ती म्हणाली आणि परत चालू लागली. घराच्या पायरीशी पाय धुताना मागं वळली. “तो तुझा सर हाय ना, हसला तो. त्यानं परत विचारला, आजी तुला काय करायचाय त्याचा, तं त्याला माझा निरोप सांग.”

“काय सांगू?”

“सांग, करायचाय. बस, येवराच सांग. आनी ती वही काढ. पयली तिथी लिव.”